पिंजरा कोणाचा?

कपडे उतरवीत नाचणारी बाई मराठी समाजाला ठाऊक नाही, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ती पॅरिसची, बर्लिनची, न्यूयॉर्कची गोष्ट, आपल्याकडे नऊवारी. वरवर पाहता हे खरेही आहे. फडावर उभी राहणारी लावणी कलावंतीण गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली असते. मुंबईच्या डान्सबारमधल्या मुलीही बहुधा साडी किंवा घागरा-चोळी नेसूनच नाचत. आणि तरीही मराठी पडद्याने, मराठी पांढरपेशा मनाने आणि महाराष्ट्राच्या कायद्याने या बायांना सतत नागडे मानले. नागडेपणा जर त्यांच्या अंगावर नव्हता, तर तो कोठे होता, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

सुरुवात 'पिंजरा'पासून करावी लागते. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९७२ साली आला. गावाला नीतीचे धडे देणारे श्रीधरपंत मास्तर गावात आलेला तमाशा बंद पाडायला जातात आणि चंद्रकला नावाच्या नाचणारणीच्या नादी लागून धुळीला मिळतात. ज्या हातात खडू होता त्या हातात तुणतुणे येते. शेवटी तर स्वतःच्याच खुनाचा आरोप त्यांच्यावर येतो आणि गावात उभारलेला आपला पुतळा शाबूत राहावा म्हणून ते तो मान्य करतात. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि संध्याची चंद्रकला अजूनही मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आहेत. परंतु ही गोष्ट मूळची महाराष्ट्रातली नाही. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग या दिग्दर्शकाच्या 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटाची ती मराठी आवृत्ती आहे, आणि तो चित्रपट हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीवरून घेतलेला होता. तिथेही एक शिस्तप्रिय मास्तर आहे, कॅबरेत मांड्या दाखवीत गाणारी लोला आहे आणि मास्तरांचा विदूषक होणे आहे.

म्हणजे, जी बाई आपल्याकडे नाही असे आपण म्हणतो, तिलाच नऊवारी नेसवून आपण घरी आणले. बर्लिनच्या कॅबरेतून ती थेट तमाशाच्या कनातीत आली आणि कोणालाही काही खटकले नाही. का खटकले नाही? कारण तिच्यासाठी जागा आधीच तयार होती.

मी शेंद्र्याचा. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आता तिथे पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि आता एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझे पुष्कळ विद्यार्थी रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसतात. एकदा त्यांना विचारले, 'पिंजरा' ही कोणाची गोष्ट? सगळ्यांनी एकसुरात सांगितले, मास्तरांची. मग विचारले, चंद्रकला कोणत्या गावची, तिची आई कोण, तिला रात्रीचे किती पैसे मिळतात, त्यातले फडमालक किती घेतो? कोणालाच सांगता येईना, कारण चित्रपटात ते महत्त्वाचे मानलेलेच नाही. मास्तरांना गाव आहे, शाळा आहे, अब्रू आहे. म्हणून त्यांना पडण्यासाठी उंची आहे. बाईला उंचीच दिलेली नाही. ती पडत नाही, ती पाडते, एवढेच तिचे काम.

हे एका चित्रपटापुरते असते तर लेख लिहायचे कारण नव्हते. १९४७ साली आलेल्या 'लोकशाहीर राम जोशी'पासून मराठीत तमाशापटांची रांग लागली. १९५९ सालचा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या एका चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, असे अभिमानाने सांगितले जाते. सबंध दोन-तीन दशके मराठी चित्रपटाचे पोट तमाशातल्या बाईने भरले. पण ती बाई स्वतः पडद्यावर फारशी आली नाही. तिची भूमिका दुसऱ्याच घरातल्या नट्यांनी केली. तिची ढोलकी, तिचे घुंगरू, तिची अदा चित्रपटाने घेतली आणि तिची जात तेवढी कनातीबाहेर ठेवली. पुढे पुढे तर अशी पाळी आली की गावोगावच्या फडांनाच पडद्यावरची गाणी वाजवून त्यांवर नाचावे लागले. ज्यांच्याकडून उचलले त्यांनाच नक्कल करायला लावले.

ही जात कोणती, हे आपल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. परंतु इतिहास म्हणून नोंदले पाहिजे. उत्तर पेशवाईत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री होत असे आणि त्यांतल्या काही जणींना नाचगाण्यासाठी ठेवले जाई, हे त्या काळच्या कागदपत्रांवरून अभ्यासकांनी दाखविले आहे. त्याच काळात शृंगारिक लावणी बहरली. लावणी रचणाऱ्यांत ब्राह्मणापासून मुसलमानापर्यंत सर्व होते. नाचणारे आणि वाजवणारे मात्र मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी आणि त्यांच्यासारख्या जातींतले. पवळा हिवरगावकर ही फडावर उभी राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक मानली जाते. ती महार होती. तिच्यासाठी लावण्या रचणारे पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते ब्राह्मण होते. ब्राह्मण कवीने जात सोडली ही शतकभर सांगितली जाणारी कथा झाली. पवळेला जात सोडता आली का, हा प्रश्न मात्र कथेत येत नाही.

विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडाच्या त्या वारस. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. आणि त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. बाळंतपणाची ही गोष्ट आपण कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतो. ती मजुरीची गोष्ट म्हणून कोणी सांगत नाही. शेतात खुरपता खुरपता बाळंत झालेल्या बाया आमच्या वस्तीवर होत्या. त्यांच्या निष्ठेचे कोणी कौतुक केल्याचे ऐकिवात नाही. सुट्टी घेतली तर रोज बुडतो, ही साधी गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबाची जत्रा भरते. लांबलांबून लोक नवस फेडायला येतात. आमच्या नात्यातल्या एक आजी जत्रेला येत आणि आमच्याकडे उतरत. तरुणपणी त्या बरीच वर्षे फडात होत्या. एकदा दूरदर्शनवर तमाशापट लागला होता. आजी थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, ही बाई दमंना कशी? आमचे तर पाय सुजायचे. घुंगराच्या पट्ट्यानं घोट्याला जखमा व्हायच्या, त्यावर हळद भरून परत बांधायचो." चित्रपट समीक्षेची पुष्कळ पुस्तके मी नंतर वाचली, पण पडद्यावरची नाचणारी बाई दमत नाही हे आजींनी जितक्या नेमकेपणाने सांगितले तितके कोणी सांगितले नाही. जी दमत नाही तिचे काम हे काम ठरत नाही. जे काम नाही त्याला मजुरी नसते, त्याला दौलतजादा असतो. वर्षभराची उचल घेऊन फडाला बांधून घेतलेली बाई पडद्यावर हौसेने नाचताना दिसते, ती याच कारणाने.

आता १९७२ कडे परत जाऊ. 'पिंजरा' चित्रपटगृहात आला ते वर्ष महाराष्ट्रात दुष्काळाचे होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात पाण्याच्या कारणावरून दोन दलित स्त्रियांना मारहाण करून नग्न करण्यात आले. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९६३ साली, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात सिरसगावला चार दलित स्त्रियांची नग्न धिंड काढण्यात आली होती. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला आणि सरळ हिशेब मांडला: राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड, आणि ब्राह्मणगावात बाईच्या लुगड्याला हात घातला तर पन्नास रुपये. त्या लेखाने पांढरपेशा महाराष्ट्र भडकला. ढाल्यांच्या भाषेवर चर्चा झाली, पन्नास रुपयांवर तितकी झाली नाही.

एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे आपला प्रश्न सुटू लागतो. पडद्यावर अंगभर लुगडे नेसलेली बाई मास्तरांची नीती नासवते म्हणून सबंध महाराष्ट्र हळहळतो. मराठवाड्याच्या रस्त्यावर खरोखरीच नग्न केलेल्या बाईची किंमत पन्नास रुपये ठरते. म्हणजे नग्नतेचा प्रश्न कपड्याचा नाहीच. स्वतःच्या पोटासाठी जी बाई लोकांसमोर उभी राहते ती झाकलेली असली तरी अश्लील. आणि जिला सवर्णांनी भर रस्त्यात उघडे केले ती अश्लीलतेच्या चर्चेतही येत नाही. तिथे 'गावचा मामला' असतो. बाईचे अंग कोणी पाहायचे, कोणी दाखवायचे आणि त्याची किंमत कोणी ठरवायची, याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, एवढाच खरा प्रश्न आहे. आणि तो जातीच्या हाती आहे.

हिंदी पडद्याने हेच थोड्या वेगळ्या रीतीने केले. तिथे कॅबरे नाचणारी बाई मोनिका असते, लिली असते, रिटा असते; ती सीता किंवा सावित्री नसते. हेलन या बर्मातून निर्वासित म्हणून आलेल्या मुलीच्या वाट्याला वर्षानुवर्षे ही कामे आली. नायिका झाकलेली राहावी म्हणून एक बाहेरची बाई लागते. अमेरिकेतून पॅरिसला गेलेली जोसेफिन बेकर ही काळी नर्तकी १९२६ साली केळ्यांच्या घागऱ्यात नाचली, तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांना तिच्यात आफ्रिकेचे जंगल दिसले. ती आलेली होती सेंट लुईस शहरातून. बाहेरच्या बाईचे गाव कोणालाच नको असते, पॅरिसलाही नाही आणि पुण्यालाही नाही.

आता डान्सबारविषयी. २००१ साली मधुर भांडारकर यांचा 'चांदनी बार' आला. तब्बूने उभी केलेली मुमताज खरी वाटते, तिच्याविषयी कणव वाटते. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण चित्रपटाचा शेवट पाहावा. मुमताज जिवाचे रान करते आणि अखेर तिच्या मुलीलाच बारमध्ये नाचावे लागते, मुलाच्या हाती पिस्तूल येते. जे आईचे तेच लेकरांचे. हे कर्मसिद्धांताचे जुनेच गाणे आहे, फक्त निऑनच्या दिव्यांत गायलेले. बारमध्ये नाचणाऱ्यांत पुष्कळ जणी बेडिया, नट, कंजर यांसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्याला जुंपलेल्या जमातींतून आलेल्या होत्या. त्यांना जातीने जुंपले होते, नशिबाने नव्हे. चित्रपटाने नशीब दाखविले, जात दाखविली नाही.

चार वर्षांनी सरकारनेही तेच चित्र खरे मानले. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घालून बारमधल्या नाचावर बंदी आणली गेली. १५ ऑगस्टपासून बार बंद झाले. कारण सांगितले गेले स्त्रियांची प्रतिष्ठा आणि तरुणांची नीती. म्हणजे मास्तर पुन्हा एकदा पडू नयेत. पण ३३-ब मध्ये एक सवलत होती: तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने, नाट्यगृहे यांना ही बंदी लागू नव्हती. तोच नाच, तीच गाणी. तारे तेवढे वेगळे. त्याच उन्हाळ्यात 'बंटी और बबली'तले ऐश्वर्या रायचे नृत्यगीत गावोगावच्या लग्नांत वाजत होते. ज्या गाण्यावर पडद्यावर नाचणे ही कला, त्याच गाण्यावर बारमध्ये नाचणे हा गुन्हा.

मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी रद्द केली, समानतेचा आणि व्यवसायाचा हक्क डावलला म्हणून. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. श्रीमंतांनी पाहिले तर करमणूक आणि गरिबांनी पाहिले तर अनीती, हे गृहीतच न्यायालयाने नाकारले. बंदीमुळे पंचाहत्तर हजारांवर स्त्रियांचे काम गेले आणि त्यांतल्या अनेकींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावे लागले, हेही त्या निकालात नमूद आहे. प्रतिष्ठेसाठी केलेल्या कायद्याचे हे फळ. पुढे विधिमंडळाने २०१४ साली सर्वांनाच लागू होणारी बंदी आणली, ती स्थगित झाल्यावर २०१६ साली नवा कायदा केला, आणि १७ जानेवारी २०१९ रोजी त्यातल्या अनेक अटीही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. नोटा उधळण्यावरची बंदी तेवढी राहिली, आणि ती योग्यच आहे. मजुरी हातात द्यायची असते, अंगावर फेकायची नसते.

येथे आपल्या चळवळीतला वाचक मला थांबवील, आणि त्याने थांबवावे. आपण तर नाच सोडा म्हणणाऱ्यांचे वारस आहोत. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया, देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बाबासाहेबांनी हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे निक्षून सांगितले. पोट कसे भरायचे ते मी सांगणार नाही, मार्ग शेकडो आहेत, असाही त्यांचा रोख होता. मग बंदीला विरोध करणे म्हणजे त्या शब्दाला विरोध नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. बाबासाहेब त्या स्त्रियांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्याशी बोलले. त्यांनी ती सभा धर्मांतराच्या घोषणेनंतरच्या वर्षात घेतली. म्हणजे समाज नव्या वाटेला लागत असताना, तुम्हीही आमच्यातल्याच आहात, आमच्याबरोबर चला, असे ते सांगत होते. हाती सत्ता नसलेला माणूस आपल्या माणसांना हाक देत होता. २००५ साली हाती सत्ता असलेल्यांनी त्या बायांना हाक दिली नाही. दार लावले आणि बाहेर पोलीस उभा केला. नाच जातीने लादला म्हणून सोडा, हे आंबेडकरी सांगणे आहे. नाचणारी बाई घाण आहे म्हणून हाकला, हे मनूचे सांगणे आहे. दोन्हींचा शेवट नाच बंद होण्यात होत असला, तरी दोन्ही एक नव्हेत.

मात्र आपणही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्रतिष्ठेच्या ओढीने आपण या बायांविषयी बोलणेच टाकले. जलशात स्त्रीची भूमिकाही पुरुष करीत. चळवळीच्या इतिहासात शाहीर आले, फडावरच्या बाया आल्या नाहीत. ही पोकळी अलीकडे भरू लागली आहे. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि जात यांचा संबंध मांडला. शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातल्या दलित स्त्रियांवर सबंध ग्रंथ लिहिला आणि अश्लीलता ही जातीने कशी घडविली ते दाखविले.

त्याआधीही आवाज होते. 'राम जोशी'ची नायिका हंसा वाडकर यांनी १९७० साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. चित्रपटाच्याच नावाचे ते पुस्तक, 'सांगत्ये ऐका', चित्रपटाला उत्तर देते. घर चालवण्यासाठी लहान वयात कॅमेऱ्यापुढे उभी केलेली मुलगी त्यात स्वतः बोलते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) हे तर पडद्यावर कधीच न आलेल्या माणसाचे पुस्तक आहे: नाचणारणीच्या मुलाचे. पडद्यावरच्या चंद्रकलेला मूल नसते. मूल आले की शाळा येते, हजेरीत बापाचे नाव येते, आणि मग प्रेक्षकांत बसलेल्या पाटलाला खाली पाहावे लागते. काळे यांनी आईचे नाव आपल्या नावात घातले आणि ते डॉक्टर झाले. नशिबाचे गाणे गाणाऱ्या चित्रपटांना याहून चांगले उत्तर नाही.

जगातही हेच झाले आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नग्ननृत्यगृहातल्या नर्तकींनी १९९७ च्या सुमारास कामगार संघटना उभी केली. चोरून होणारे चित्रण बंद व्हावे आणि काळ्या मुलींना पाळ्या देताना डावलू नये, या त्यांच्या मागण्यांत होत्या. त्यांच्यातल्याच एकीने पुढे या लढ्यावर चित्रपट केला. त्यात कोणी मास्तर नाही. मुंबईतही बारमधल्या मुलींनी संघटना केली, मोर्चे काढले, न्यायालयात बाजू मांडली. पण त्या मोर्चावर कोणी गाजलेला चित्रपट काढला नाही. 'नटरंग'ने (२०१०) निदान नायक म्हणून मजूर घेतला. बाईची पाळी अजून यायची आहे.

वर्गात मी आता 'पिंजरा' वेगळ्या रीतीने शिकवतो. मुलांना सांगतो, चित्रपट पाहा, पण चंद्रकलेची हजेरी घ्या: गाव, जात, रोज, उचल, मूल. रात्रपाळीहून आलेल्या पोरांना हा तक्ता लगेच भरता येतो, कारण तो त्यांच्याही आयांचा तक्ता आहे. गेल्या वर्षी एका मुलीने तक्त्याखाली आपण होऊन आणखी एक रकाना आखला आणि त्यात लिहिले: 'तिला काय करायचे होते?' हा रकाना माझ्याही लक्षात आला नव्हता. आमच्या सगळ्यांच्या वह्यांत तो अजून कोरा आहे.